ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे पेशंट बरा?

खानापूरकर:
गेल्या पावसाळ्यात धाकट्याला रात्री धडधड सुटली. हातपाय गार, बनियन घामानं ओलं. ‘दादा, मी चाललो’ म्हणायला लागला. गाडीवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. ‘गॅस आहे, टेन्शन घेऊ नका.’ चार महिन्यांत हे पाच वेळा. पुढं त्यानंच सांगितलं, असं जगणं नको वाटतंय. हार्ट ठीक निघालं की ‘मरावंसं वाटतं का’ हे डॉक्टरांनी विचारायला नको? 1989 सालच्या अमेरिकेतल्या पाहणीत पॅनिक डिसऑर्डरवाल्यांपैकी (म्हणजे असे अचानक भीतीचे, धडधडीचे झटके पुन्हापुन्हा येणाऱ्यांपैकी) 20 टक्के लोकांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केला होता.

निपाणीवाला:
त्या 20 टक्क्यांवर नंतर भरपूर वाद झालाय की ओ. सोबतचं डिप्रेशन, दारू बाजूला काढली की संबंध पुष्कळ सैल होतो, असं इतरांना दिसलं. पॅनिकवाला मरणाला भितो. त्यालाच हे विचारायचं म्हणजे डोक्यात किडा सोडणं. आणि बाहेर बाकावर साठ माणसं बसलेली असतात, तेही बघा.

खानापूरकर:
डिप्रेशन बाजूला काढून आकडा मोजता येतो, माणूस नाही. ‘मी उदास आहे’ म्हणून आपल्याकडं कोण केसपेपर काढतो? सगळे धडधड घेऊनच येतात.

शहापूरची सिस्टर:
किडा-बिडा काही नाही. विचारल्यानं असे विचार वाढत नाहीत, हे अभ्यासांत दिसलंय. खरी अडचण भाषेची. आजी म्हणते ‘जीव घाबरा होतोय’, कन्नड डॉक्टर लिहितात अशक्तपणा. शिवाय ‘जीव नको झालाय’ आपण लाईट गेली तरी म्हणतो! म्हणून आडून नको, सरळच विचारायचं.

निपाणीवाला:
बरं, विचारलं. तो ‘होय’ म्हणाला. पुढं? मानसोपचाराला बेळगाव नाहीतर धारवाड, म्हणजे दिवसाची मजुरी गेली.

शहापूरची सिस्टर:
त्या रात्री एकटं सोडायचं नाही आणि 14416 लावायचा, टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे. बाकी साध्या डॉक्टरांना मानसिक आजार ओळखायला शिकवायचा प्रयोग 1980च्या दशकात आपल्याच कर्नाटकात, बळ्ळारी जिल्ह्यात झालाय. नवीन काही मागत नाही आम्ही.

निपाणीवाला:
साठ माणसांचं उत्तर राहिलंच.

खानापूरकर:
राहिलं खरं. मी विचारलं तेव्हा धाकटा आधी हसला, मग गोठ्यामागं जाऊन रडला. धारवाडला दोनदा जाऊन आलोय. बुधवारी परत जायचंय, सकाळच्या पहिल्या गाडीनं.