मदत हवी आहे: सहा स्क्रूंचा ट्रेमोलो ब्रिज बदलायचा आहे, पण ५९ मिमीचा ब्रिज मिळतच नाही

नवी_तार

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गिटार स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची आहे, हेडस्टॉकवर कंपनीचं नाव नाही. ब्रिज (तारा बॉडीवर धरणारा भाग) मूळचाच, पुढच्या बाजूने सहा स्क्रूंनी लाकडात बसवलेला. तक्रारी तीन:

१. ट्रेमोलो आर्म (दाबून सूर हलवायचा दांडा) ब्रिजखालच्या धातूच्या ब्लॉकमध्ये डुगडुगतो. कितीही पिळला तरी घट्ट होत नाही, नुसता फिरत राहतो.
२. दोन सॅडलचे (ब्रिजवर तार जिच्यावर टेकते त्या तुकड्यांचे) उंचीचे स्क्रू गंजून बसलेत. एकाची षटकोनी खाच गोल झाली आहे.
३. पातळ ई तार दर वेळी सॅडलपाशीच तुटते.

पहिल्या आणि सहाव्या स्क्रूमधलं अंतर पट्टीने मोजलं तर ५९ मिमी आलं. विकायला असलेल्या ब्रिजवर ५२.५, ५४ आणि ५६ अशीच मापं दिसतात. सगळ्यात जवळचा म्हणून ५६ चा घेऊ का? की एवीतेवी बदलायचाच आहे तर दोन खांबांचा बसवू? बॉडीची जाडी ४० मिमी, तारा ९-४२ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात).

खर्जातली_खुंटी

थांबा, ५६ चा मागवू नका. तुम्ही स्क्रूच्या डोक्यांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजलेलं दिसतंय. अशा स्क्रूचं डोकं साधारण ६ ते ७ मिमी रुंद असतं, तेवढं माप फुगतं. ब्रिजचं माप नेहमी मध्यापासून मध्यापर्यंतचं असतं.

डोक्याचा मध्य नजरेने पकडायला जाऊ नका, चुकतो. पहिल्या स्क्रूच्या डाव्या कडेपासून सहाव्या स्क्रूच्याही डाव्याच कडेपर्यंत मोजा. दोन्ही डोकी सारखी असल्याने हेच मध्य-ते-मध्य अंतर. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम, नसेल तर स्टीलची पट्टी. शिवणकामाची टेप नको.

हीच युक्ती तारांवर वापरून सॅडलवरचं दोन्ही ई तारांमधलं अंतर काढा. फक्त जाड आणि पातळ ई ची जाडी वेगळी असते, म्हणून तिथे तारांऐवजी सॅडलच्या कडा धरा. आलेल्या आकड्याला ५ ने भागा:

५२.५ म्हणजे १०.५ मिमीचा ब्रिज
५४ म्हणजे १०.८ मिमीचा
५६ च्या आसपास म्हणजे ११.२ किंवा ११.३ मिमीचा, जुन्या अमेरिकन मापाचा

स्क्रूचं अंतर आणि तारांचं अंतर दोन्ही लिहून ठेवा. बहुतेक ब्रिजमध्ये ती जुळतात, पण स्क्रू ५६ वर आणि तारा ५४ वर असलेले ब्रिजही बाजारात आहेत. नुसतं 'स्ट्रॅट ब्रिज' एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. फेंडरच्या १९५४ च्या मूळ रचनेतलं माप ५६, आणि त्याच कंपनीच्या मेक्सिकोत बनलेल्या स्टँडर्ड मालिकेतलं ५२.५.

साडेतीन मिमीचा फरक म्हणजे दोन्ही टोकांना पावणेदोन मिमी. एवढ्याने स्क्रू जुन्या भोकात जाणार नाही. नवं भोक पाडायला गेलात तर ड्रिल जुन्या भोकात घसरणार. मग सहाही भोकं कठीण लाकडाच्या खुंट्या गोंदाने ठोकून बुजवायची आणि नव्याने पाडायची. अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं, कारण गोंद पूर्ण वाळल्याशिवाय ड्रिल लावता येत नाही.

नवी_तार

बरोबर पकडलंत. डाव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत ५२.५ आलं. सॅडलवरही ५२.५.

आटेवाला

मग १०.५ चा ब्रिज, प्रश्न मिटला. पण आधी एक पाहा: ब्रिज खरंच बदलायला हवा का? तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी सॅडलच्या आहेत आणि एक ब्लॉकची. खालची पत्र्याची प्लेट वाकली नसेल तर तिचा काही दोष नाही.

आर्मची जाडी आट्यांवर मोजा. ६ मिमी भरली तर एम६ (६ मिमीचे मेट्रिक आटे), आशियाई बनावटीच्या गिटारवर बहुतेक हाच. ५ च्या जवळ असेल तर एम५ किंवा १०-३२ (इंची आटे). हे दोघे फसवे. १०-३२ चा व्यास ४.८३ मिमी आणि दोन आट्यांमधलं अंतर ०.७९, एम५ चे तेच आकडे ५ आणि ०.८. म्हणून १०-३२ चा आर्म एम५ च्या भोकात जातो पण सैल राहतो, आणि उलट केलं तर अडतो. जोर लावला की आटे गेलेच. तुमचा आर्म बदललेला असेल तर हेच झालं असण्याची शक्यता आहे.

भोक एम५ चं असेल तर ५ मिमी ड्रिल मारून एम६ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा, एम६ चा आर्म घ्या, ब्लॉक वाचला. मुळातच एम६ असेल तर तारेच्या वेटोळ्याचा आटे-इन्सर्ट बसवावा लागतो. टेफ्लॉन टेप थोड्या डुगडुगीवर चालते. आटेच उरले नसतील तर तिचा काही उपयोग नाही.

नुसता ब्लॉक विकत घेणं मात्र अडचणीचं. प्लेटला ब्लॉक तीन स्क्रूंनी जोडलेला असतो आणि त्या तिघांचं अंतर, शिवाय तारांची भोकं, बनवणाऱ्यागणिक बदलतात. भोकं जुळतील याची खात्री नसेल तर अख्खा ब्रिजच बरा.

खर्जातली_खुंटी

आटेवाला म्हणतात ते मान्य, पण इथे दोन स्क्रू जाम आहेत आणि ब्लॉकही गेला आहे. एवढं सगळं एकत्र आलं की पूर्ण ब्रिज घेणंच सोपं पडतं. घेताना ब्लॉकची खोली पाहा. जुन्या अमेरिकन धर्तीचा ब्लॉक सुमारे ४२ मिमी खोल असतो आणि तो ४४-४५ मिमी जाडीच्या बॉडीसाठी. तुमच्या ४० मिमीच्या बॉडीतून तो मागे डोकावेल, झाकण बसणार नाही. ३६ च्या आसपासचा घ्या.

ब्लॉकची जाडीही मोजा. आर्म दाबला की ब्लॉकचं खालचं टोक स्ट्रॅप-बटणाच्या दिशेने सरकतं. जाडजूड ब्लॉक पोकळीच्या मागच्या भिंतीला आपटतो आणि आर्म अर्ध्यातच अडतो.

धातू: ओतीव जस्ताच्या ब्लॉकमधले आटे लवकर झिजतात, स्टील किंवा पितळेचे टिकतात. आवाजातल्या फरकावर लोक रात्र जागवतील, आट्यांच्या टिकाऊपणावर वाद नाही.

दोन खांबांचा विचार सोडा. खांबांच्या बुशिंगसाठी (खांब ज्यात बसतात त्या नळ्यांसाठी) सुमारे १० मिमीची दोन मोठी भोकं अचूक जागी पाडावी लागतात. लॉकिंग (तारा जखडून ठेवणाऱ्या) ट्रेमोलोसाठी तर खांबांचं अंतर साधारण ७४ मिमी आणि वर बॉडी कोरणं आलं. सहा स्क्रूंचा नीट बसवला तर सूर तितकाच परत येतो.

पट्टी_आणि_पाना

उंचीच्या स्क्रूबद्दल. खाच गोल होण्याचं नेहमीचं कारण चुकीची ॲलन की. आशियाई सॅडलना १.५ मिमीची लागते, जुन्या अमेरिकन मापाच्या सॅडलना ०.०५० इंची, म्हणजे १.२७ मिमी. १.५ च्या खाचेत १.२७ ची घातली की ती आत फिरते आणि कोपरे खाते.

नुसते सॅडल घेणार असाल तर रुंदी जपा. १०.५ च्या प्लेटवर १०.८ चे सहा ठेवले तर १.८ मिमी जास्त जागा लागते. ते एकमेकांना चिकटून बसतात आणि इंटोनेशन (सॅडल मागेपुढे करून तारेचा सूर जुळवणं) करताना एक हलवला की शेजारचाही सरकतो. सॅडलबरोबर आलेलेच स्क्रू वापरा. एम३ (मेट्रिक) आणि ४-४० (इंची) दिसायला भावंडं, पण आटे वेगळे.

तार एकाच जागी तुटते म्हणजे तिथे धार आहे. तार सॅडलवर जिथे वळते तिथे आणि प्लेटच्या भोकाच्या कडेला नखाने चाचपा. ६०० मग १००० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून फिरवा. नव्या ब्रिजवरही हे तपासा, धार नवीन मालातही सापडते.

नवी_तार

आर्म ६ मिमी भरला. १०.५ मिमी, ३६ मिमी स्टील ब्लॉक, एम६ असा ब्रिज निवडला. बसवताना क्रम काय ठेवायचा? अर्थिंगची तार डाग देऊन काढावी लागेल का?

पट्टी_आणि_पाना

नाही, या रचनेत अर्थची तार मागच्या पोकळीतल्या क्लॉला (स्प्रिंग अडकवायच्या पट्टीला) असते. क्लॉ तसाच ठेवा. ती तार चुकून तुटली तर तारांना हात लावल्यावर घरघर कमी व्हायची ती होणार नाही, एवढं लक्षात असू द्या.

तारा थोड्या थोड्या सगळ्या सैल करून काढा, मग स्प्रिंग, मग सहा स्क्रू. नवा ब्रिज ठेवून स्क्रू हातानेच फिरवा, ड्रिल मशीनने नको. एखादं भोक सैल लागलं तर लाकडी काड्या सुतारकामाच्या गोंदात बुडवून भरा आणि रात्रभर ठेवा. बाहेरचे दोन स्क्रू प्लेटला जेमतेम टेकवा. प्लेटची मागची कड उचलली गेली तर जास्त पिळलंत, पाव फेरा परत. मधल्या चारांची डोकी प्लेटपासून साधारण १.५ मिमी वर राहू द्या. सहाही आवळले की प्लेट अडखळत हलते आणि आर्म सोडल्यावर सूर जागेवर येत नाही.

९-४२ ला तीन स्प्रिंगपासून सुरुवात करा. सुरात लावून प्लेटची मागची कड बॉडीपासून सुमारे ३ मिमी वर येईपर्यंत क्लॉचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवा. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर सगळ्या तारा पुन्हा सुरात, नाहीतर माप खोटं येतं. मग १७ व्या फ्रेटवर ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) १.६ मिमी, आणि इंटोनेशन सगळ्यात शेवटी. सॅडलचे छोटे स्क्रू दोन्ही टोकांच्या ई ना, लांब मधल्यांना. उलट लावले तर तळहाताला टोचतात.

आटेवाला

गिटार डावखुऱ्याची नाही ना? डावखुरा ब्रिज वेगळा येतो, आर्मचं भोक दुसऱ्या बाजूला असतं. मागवण्याआधी फोटोत पाहून घ्या.

नवी_तार

उजव्या हाताचीच आहे. मागवतो.