चांदोलीच्या रानात माणसानं अजून किती ढवळाढवळ करायची?

वारणाकाठ:
माझं म्हणणं थोडक्यात असं, की चांदोली ज्यात येतं त्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याला आता हात लावू नये. सागरेश्वर अभयारण्यातली चितळं धरून चांदोलीतल्या झोळंबीला नेली, नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची वाघीण आणली, वर कुरणं राखायची आणि पाणवठे बांधायची कामं आहेतच. घाटमाथ्याच्या पावसातलं हे रान. गवा, सांबर, भेकर, पिसोरी ही इथली जनावरं. चितळ इथं कधी फारसं नव्हतंच. अभयारण्यासाठी गावं उठली तिथं आधी गवत आलं, मग करवंद आणि कारवी, आणि त्यांच्या आडोशानं जांभूळ, अंजनी, पिसा ही झाडं डोकं वर काढतात. हे आपोआप चालतं, फक्त आपल्या आराखड्यांपेक्षा सावकाश.

गवारेडा_७७:
आणि जांभूळ-अंजनीनं सगळं भरून गेलं की गवा काय खाणार? अंजनीच्या गर्द सावलीत गवत उगवत नाही. चांदोलीत आज गवे आणि सांबर दिसतात ते बहुतेक जुन्या शेतांच्या मोकळवणात. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नासेक मोठी जनावरं लागतात. वाघ हवा आणि कुरण नको, असं कसं जमणार? शिवाय मोकळ्या जागी कारवीच येईल याची खात्री कोण देणार? रानमोडी हे बाहेरून आलेलं तण बघितलंय का कधी? ती एकदा माजली की खाली दुसरं काही उगवू देत नाही. तिला उपटायला माणूसच लागतो.

वारणाकाठ:
रानमोडी उपटा, माझी ना नाही. पण तेवढ्यावर थांबा.
सागरेश्वर आणि चांदोली यांना एकाच मापानं मोजतात, तिथं माझं भांडण आहे. सागरेश्वर हे जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं. धों. म. मोहित्यांनी पुढाकार घेतला तेव्हा त्या टेकड्या बोडक्या होत्या, बी यावं असं रान जवळपास नव्हतं. तिथं झाडं लावावी लागली, जनावरं आणून सोडावी लागली, कुंपणही घालावं लागलं, आणि ते योग्यच होतं. चांदोलीत बी शेजारच्या उतारावरच आहे. धनेश, वटवाघळं, उदमांजरं ते फुकट पेरतात. जिथं बी पोचतं तिथं आपण खड्डे कशाला खणायचे?

माणदेशी_माळ:
तुम्ही रानावर भांडा. इकडं माण, खटाव, आटपाडी, जतला माळ मरतोय त्याचं काय? हजारो वर्षांचा गवताळ माळ, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांचं घर. पण कागदावर तो पडीक! मग दर पावसाळ्यात फोटो काढायला रोपं येतात. झाड नाही म्हणजे उजाड, हे डोक्यातून जातच नाही.

गवारेडा_७७:
@माणदेशी_माळ शंभर टक्के पटलं, पण तो माळ मेंढरांनी चरूनच माळ राहिलाय ना? कासला काय झालं आठवा. जागतिक वारसा यादीत २०१२ ला नाव लागलं, पठाराला कुंपण पडलं, गुरं बंद झाली. मग गवत माजून फुलं दबली अशी ओरड झाली आणि कुंपण काढावं लागलं. म्हणजे 'सोडून द्या' हासुद्धा एक हस्तक्षेपच झाला.

वारणाकाठ:
कास हा सडा आहे. वीतभर माती, खाली जांभा, तिथं झाडाला मूळ धरायला जागाच नाही. झोळंबीच्या सड्याबद्दल तुम्ही म्हणाल ते मान्य. पण खालच्या खोऱ्यातल्या खोल मातीला तो न्याय कसा लागेल?

रुंदिवकर_आता_खाली:
एवढं वाचलं, आता आमचं ऐका. आम्ही चांदोलीतनं उठवलेल्या रुंदिवचे. १९८५ ला अभयारण्य झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान. तुम्ही ज्याला मोकळवण म्हणताय ती आमची नाचणी-वरीची शेतं हायत. बांध कुणी घातले, आंबे कुणी लावले? गवा तेव्हाबी यायचा, पिकात घुसायचा, आम्ही राखण करायचो. आज आत जायचं तर आम्हालाच परवानगी. आमची काही कुटुंबं अजून जमिनीसाठी आंदोलनात बसतात आणि तुमची चर्चा चितळ सोडायचं का अंजनी वाढू द्यायची. मला विचाराल तर रान वाढू द्या, वाघ येऊ द्या. पण आधी उठवलेल्यांचा हिशेब मिटवा.

वारणाकाठ:
दादा, हिशेब मिटलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण तो मिटेपर्यंत रान थांबत नाही.

रुंदिवकर_आता_खाली:
रान थांबत नाही, तशी पोटंबी थांबत नाहीत.

गवारेडा_७७:
मग एक करून बघू. काही जुनी शेतं कुरण म्हणून राखायची, काहींना हातच लावायचा नाही, आणि दोन्हीकडं गवे, सांबर, नवी रोपं मोजत राहायचं. एकदोन वर्षांत निकाल मागायचा नाही.

वारणाकाठ:
चालेल. फक्त मोजणी होईस्तोवर नवी चितळं आणायची नाहीत.

गवारेडा_७७:
ते नाही चालणार. वाघीण आलीय, ती उपाशी थांबणार नाही.

रुंदिवकर_आता_खाली:
कुठलं शेत राखायचं ते नकाशावर ठरवू नका. कुठल्या वाफ्यात मार्चपर्यंत ओल टिकते, कुठं गवा आधी उतरतो, हे सांगणारी आमची म्हातारी माणसं अजून हायत. त्यांना गाडीत घालून वर न्या, रोजगार द्या, आणि मग तुमची मोजणी करा.