मदत हवी आहे: चालू लिनक्स मिंटमधूनच डेबियन (दुसरी लिनक्स सिस्टिम) टाकलं, पण ग्रबच्या (सुरू होताना सिस्टिम निवडायच्या) मेनूत दिसत नाही

लॅपटॉप २०११ चा आहे, ४ जीबी रॅम, जुना बायोसवाला. डीव्हीडी ड्राइव्ह केव्हाच गेला. यूएसबी पोर्ट इतके ढिले झालेत की धक्का लागला तरी पेनड्राइव्ह सुटतो. दोनदा इन्स्टॉल अर्ध्यात बंद पडलं. सध्या लिनक्स मिंट १९.३ चालू आहे, पण त्याचा सपोर्ट एप्रिल २०२३ मध्येच संपला. म्हणून डेबियन १३ (ट्रिक्सी) टाकायचं ठरवलं, तेही मिंट चालू असताना, डीबूटस्ट्रॅप वापरून (हे साधन चालू सिस्टिममधूनच दुसऱ्या पार्टिशनवर डेबियन उतरवतं).

केलं ते सगळं सांगतो. एसडीए१ वर मिंट, एसडीए५ वर घरचे फोटो आणि कागदपत्रं. एसडीए३ हे ४० जीबीचं पार्टिशन रिकामं पडून होतं, ते ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करून माउंट केलं. मिंटमधल्या डीबूटस्ट्रॅपला ट्रिक्सी हे नावच ठाऊक नव्हतं. मग डेबियनच्या साइटवरून नवा डीबूटस्ट्रॅप आणि नवं कीरिंग (पॅकेजांच्या सह्या तपासायच्या किल्ल्या) अशा दोन डेब फाइली आणल्या. (सही तपासणं बंद करून पुढे जा, असा सल्ला एके ठिकाणी वाचला. पटला नाही.) त्यानंतर सगळं सुरळीत झालं. डेव्ह, प्रॉक, सिस माउंट करून सीएचरूटने (मिंटमधूनच नव्या सिस्टिमच्या आत शिरायची आज्ञा) आत गेलो, यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बघून एफएसटॅब (माउंट करायच्या पार्टिशनांची यादी) लिहिली, रूटचा पासवर्ड ठेवला.

बाहेर येऊन मिंटमध्ये अपडेट-ग्रब (मेनू नव्याने बनवायची आज्ञा) चालवलं, तर यादीत एकटं मिंटच! डेबियनमध्ये शिरून ग्रब-इन्स्टॉल (डिस्कवर ग्रब नव्याने बसवणं) करू का? हात धजावत नाही. ग्रब बिघडला तर पेनड्राइव्हने सोडवायची सोय नाही आणि घरात दुसरं मशीन नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद: ग्रब-इन्स्टॉलला अजिबात हात लावू नका. आधी सांगा, डेबियनच्या बूट फोल्डरमध्ये काय दिसतंय?

धागाकर्ता: काहीच नाही. रिकामं आहे!

प्रतिसाद: तिथेच घोडं अडलंय. डीबूटस्ट्रॅप फक्त बेस सिस्टिम उतरवतो, कर्नल (सिस्टिमचा गाभा) टाकत नाही. कर्नलच नाही म्हटल्यावर ओएस-प्रोबर (अपडेट-ग्रबसाठी इतर सिस्टिमा शोधणारं साधन) मेनूत काय दाखवणार? पुन्हा सीएचरूट करा आणि लिनक्स-इमेज-एएमडी६४ हे कर्नलचं पॅकेज टाका. तेवढ्यावर रीबूट करू नका. आत्ता मिंटचं नेट आतही चालतंय, तोवर नेटवर्क-मॅनेजर आणि वायफायचं फर्मवेअर टाकून घ्या, नाहीतर नव्या सिस्टिममध्ये नेटशिवाय बसाल. इंटेलचं कार्ड असेल तर फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय. त्यासाठी सोर्सेसच्या यादीत नॉन-फ्री-फर्मवेअर हा विभाग जोडावा लागेल. डेबियन १२ पासून तो वेगळा केलाय. रॅम बघता एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बरा.

ग्रब डेबियनमध्ये टाकूच नका. मिंटचा ग्रब आहे तिथे राहू दे, त्यालाच अपडेट-ग्रबने डेबियन दाखवा. म्हणजे डेबियन फसलं तरी मिंट उघडेल.

दुसरा प्रतिसाद: वरच्याला +१. फक्त एक खोच आहे. ओएस-प्रोबर कर्नलचं नेमकं फाइलनाव लिहून ठेवतो. उद्या डेबियनमध्ये कर्नल बदलला की नव्याची नोंद मेनूत येणार नाही, आणि जुना काढून टाकलात तर बूटच होणार नाही. दर वेळी मिंटमध्ये जाऊन अपडेट-ग्रब करायचा कंटाळा असेल, तर मिंटच्या ४०_कस्टम फाइलमध्ये (ग्रबच्या मेनूत हाताने नोंद घालायची फाइल) स्वतःची नोंद लिहा. डेबियनच्या रूटमध्ये व्हीएमलिनझ आणि इनिटआरडी.आयएमजी असे दोन दुवे असतात. ते नेहमी ताज्या कर्नलकडे बोट दाखवतात, नोंदीत तेच द्या. रूट मात्र यूयूआयडीने.

पार्टिशन मिंटमधून फॉरमॅट केलंत ते बरंच झालं. नव्या साधनांनी केलेलं ईएक्सटी४ जुन्या ग्रबला वाचता येईलच असं नाही.

धागाकर्ता: झालं! मेनूत आलं, एक्सएफसीई उघडलं, वायफायही जोडलं गेलं. दोघांचे मनापासून आभार. ४०_कस्टमचं रविवारी निवांत करतो. पण डेबियनमध्ये हा धागा उघडला, तर मराठीच्या जागी नुसते चौकोन. म्हणून परत मिंटमध्ये येऊन लिहितोय.

प्रतिसाद: फॉन्ट्स-लोहित-देवा हे देवनागरी फॉन्टचं पॅकेज टाका, ब्राउझर बंद करून उघडा.