विषय: पुढच्या चित्रपटाला मध्यंतर ठेवू नये

प्रेषक: ताई (चित्रपट समिती)

सर्वांना नमस्कार.

सभागृहाची वेळ शनिवारपर्यंत कळवायची असल्यामुळे हा एकच मुद्दा आधी निकालात निघावा, अशी विनंती आहे. रविवारी सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ हा बंगाली चित्रपट खाण्याच्या मध्यंतरासाठी बरोबर पाच वाजता थांबवण्यात आला. त्या क्षणी पडद्यावर बाग होती, नायिका चारू झोपाळ्यावर बसली होती, तिचा दीर अमल झाडाखाली चटईवर लिहीत पडला होता आणि तिच्या हातातली छोटी दुर्बीण आधी शेजारच्या घरातल्या, मूल घेतलेल्या बाईवर आणि मग अमलवर जाणार होती. आपल्या मनात काय चालले आहे हे चारूला या ठिकाणी प्रथम कळते, आणि तेही कोणी काही न बोलता, केवळ तिच्या चेहऱ्यावर. तासभर ज्यासाठी आपण सगळे शांत बसलो होतो ते समोर येत असतानाच सभागृहातले दिवे लागले.

त्यानंतर मला निदान दहा जणांनी ‘चित्रपट फार संथ आहे’ असे सांगितले. माझे प्रामाणिक मत असे आहे की तो संथ आहेच, पण त्याची गती एका दमात पाहिल्याशिवाय अंगात मुरत नाही. चित्रपट ११७ मिनिटांचा आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला आपण याहून अधिक वेळ बसतो. पुढच्या वेळी मध्यंतर ठेवू नये, असा माझा प्रस्ताव आहे.

प्रेषक: वहिनी (भोजन समिती)

ताई, आपले म्हणणे समजले, परंतु पाचची वेळ मी मनाने ठरवलेली नव्हती. गणपतीनंतरच्या बैठकीत सर्वांच्या संमतीने ती ठरली होती आणि आपण त्या बैठकीला हजर होता. सभागृहात खाद्यपदार्थ नेता येत नाहीत. चौसष्ट जणांसाठी वडे घरून तळून आणायचे, ते गरम ठेवायचे, चहा दोन प्रकारचा करायचा, आणि हे सर्व बाहेरच्या एका अरुंद टेबलावर मांडायचे, हे दहा मिनिटांत होणारे काम नाही. आपल्याकडे मधुमेह असलेले किमान आठ ज्येष्ठ नियमित येतात. त्यांना चार ते सव्वासहा काही न खाता बसवून ठेवण्याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही. शिवाय काकांना गुडघ्यामुळे तासाभराने उठावेच लागते.

चित्रपटाच्या गुणदोषांबद्दल मला काहीच म्हणायचे नाही, कारण तो मी पाहिलेला नाही. सुरुवातीपासून आवराआवरीपर्यंत मी बाहेरच्या टेबलापाशी होते.

प्रेषक: नाना

ज्यांना चित्रपट संथ वाटला त्यांच्यापैकी मी एक आहे, आणि माझ्या नापसंतीचे कारण बटाटेवड्यांवर ढकलले जावे हे मला मान्य नाही. मध्यंतर झाले नसते तरी माझे मत हेच राहिले असते.

पहिली सात मिनिटे पाहा. चारू रुमालावर इंग्रजी ‘बी’ हे अक्षर भरते, नोकराला नवऱ्याचा चहा न्यायला सांगते, कपाटातले पुस्तक काढते आणि मग एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे धावत जाऊन रस्त्यावरचा माकडवाला, पालखी आणि छत्री घेऊन चाललेला जाडा माणूस पाहते. नवरा पुस्तकात डोके घालून तिच्या समोरून जातो आणि त्याला ती दिसत नाही. हे सर्व मला पहिल्या दोन मिनिटांत समजले. उरलेल्या पाच मिनिटांत नवे काय कळले, ते कोणीतरी मला सांगावे.

उलट जिथे खरोखर काही घडते, तिथे दिग्दर्शक घाईने पुढे जातो. चारूचा नवरा भूपती स्वतःचा पैसा ओतून ‘सेंटिनेल’ नावाचे इंग्रजी वृत्तपत्र चालवतो, १८८० साली विलायतेत ग्लॅडस्टनचा पक्ष निवडून आला म्हणून कोलकात्यातल्या आपल्या घरी मेजवानी देतो आणि अखेरीस सख्खा मेहुणाच त्याला लुबाडतो. माझ्या दृष्टीने या कथेतला सर्वांत करुण माणूस तोच आहे. त्याच्या वृत्तपत्राच्या अंताला झोपाळ्याइतकाही वेळ मिळत नाही. दिग्दर्शकाला १९६५ साली बर्लिनच्या महोत्सवात ‘रौप्य अस्वल’ हे पारितोषिक मिळाल्याचे आपण निमंत्रणात लिहिले होते. पारितोषिकाचा मला आदर आहे, पण त्यामुळे माझा अनुभव बदलत नाही.

एक व्यावहारिक तक्रारही नोंदवतो. कृष्णधवल चित्रावर पांढऱ्या अक्षरांतली सबटायटल्स होती आणि पात्रांची वस्त्रेही पांढरी होती. चौथ्या रांगेपासून मागे बसलेल्या आम्हा मंडळींना निम्मी वाक्ये वाचता आली नाहीत. शेवटी दोघांचे हात एकमेकांजवळ येता येता चित्र गोठते, तेव्हा आमच्या रांगेत यंत्र अडकले असाच समज झाला. ही त्रुटी समितीने गांभीर्याने घ्यावी.

प्रेषक: एक सदस्या

मी या यादीवर प्रथमच लिहीत आहे. मध्यंतराविषयी माझे काही मत नाही. नानांनी विचारले आहे की उरलेल्या पाच मिनिटांत नवे काय कळले, तेवढ्यापुरतेच लिहिते.

मी १९९८ साली लग्न होऊन एच-फोर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या पतीसोबत राहण्याच्या व्हिसावर येथे अमेरिकेत आले. एम.एस्सी. झाले होते, पण त्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. काही जणींना ती परवानगी मिळू लागली ती थेट २०१५ साली. गाडी चालवता येत नव्हती, आणि माझे पती सकाळी साडेसातला जात ते संध्याकाळी सातला परत येत. ते अतिशय चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी मला कधी दुखावले नाही. अकरा वाजेपर्यंत घरातले सर्व काम संपत असे. त्यानंतर मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहत असे आणि बस गेली की बैठकीच्या खोलीतल्या खिडकीकडे धावत असे, कारण तिथून ती वळणापर्यंत आणखी थोडा वेळ दिसे. हे मी आजवर कोणालाही सांगितले नव्हते. पडद्यावर चारू तसेच धावली तेव्हा मला धक्का बसला.

नाना, दोन मिनिटांत आपल्याला तिचा एकटेपणा समजला हे खरे आहे. पण दुपार किती लांब असते हे दोन मिनिटांत समजत नाही. त्यासाठी प्रेक्षकालाही थोडा काळ तसेच बसावे लागते. दिग्दर्शकाने ती पाच मिनिटे त्यासाठीच खर्च केली असावीत, असे मला वाटते.

भूपतीबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत आहे. पत्नी कोसळून रडताना त्याच्या कानी पडते, आणि त्यानंतर घोडागाडीत एकटा बसून तो निरर्थक फिरत राहतो, तेव्हा मला त्याचेच अधिक वाईट वाटले.

प्रेषक: अप्पा (नाट्य विभाग)

वरील पत्र वाचून मन भरून आले. त्याला एक पुस्ती जोडतो. ही कथा बंगाली असली तरी तो काळ आपल्याला परका नाही. चित्रपटातला काळ १८७९-८० चा आहे. पुण्यात ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ सुरू झाले ते १८८१ साली, म्हणजे भूपतीसारखी छापखान्याच्या शाईने झपाटलेली माणसे तेव्हा आपल्याकडेही होती. ज्यांच्या १९०१ सालच्या ‘नष्टनीड’ या कथेवर चित्रपट आहे, ते रवींद्रनाथ १८७८ साली विलायतेला जाण्यापूर्वी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले होते आणि डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा हिच्याकडून इंग्रजी शिकले होते. आणि चोरून लिहू लागणाऱ्या चारूच्याच पिढीतल्या आपल्या आरंभीच्या मराठी लेखिका काशीबाई कानिटकर. घरच्यांच्या नकळत अक्षर गिरवण्याची ही धडपड ज्यांच्या घरात पणजी-आजीच्या आठवणी जपल्या आहेत, त्यांना सांगावी लागत नाही.

मध्यंतराबद्दल नाट्य विभागाचा अनुभव असा आहे की अंक कुठे संपावा हे नाटककार ठरवतो. उपाहारगृह ठरवत नाही. संगीत नाटके रात्रभर चालत, पण पडदा पदाच्या मध्यावर पडत नसे. म्हणून माझे मत ताईंच्या बाजूने. मात्र वेळ पुढे सरकवणार असाल, तर रविवारी साडेसहाला आमची तालीम असते, ती हलवता येणार नाही हे आताच नम्रपणे नमूद करतो. गेल्या वर्षी याच कारणाने आम्हाला दोन तालमी वाहनतळावर कराव्या लागल्या होत्या.

प्रेषक: ताई (चित्रपट समिती)

वहिनी, बैठकीला मी हजर होते आणि पाचची वेळ मीही मान्य केली होती, हे आपण आठवण करून दिल्यावर लक्षात आले. त्याबद्दल क्षमा असावी. आपण त्या दिवशी दारापाशी उभ्या होता, एवढेच मी पाहिले; आपल्याला चित्रपट पाहता आला नाही, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

सुधारित प्रस्ताव असा: खाणे आधी, साडेतीन ते सव्वाचार. चित्रपट सव्वाचारला सुरू होऊन सव्वासहाच्या आत संपेल, म्हणजे अप्पांची तालीम वेळेवर होईल. ज्यांना उठावे लागते त्यांच्यासाठी दाराजवळच्या दोन रांगा राखून ठेवू आणि बाहेर पाणी व बिस्किटे ठेवू. सबटायटल्स काळ्या पट्टीवर दिसतील अशी सोय होते का, ते मी गुरुवारी सभागृहात जाऊन तपासणार आहे. नाना, आपण सोबत आलात तर चौथ्या रांगेत बसूनच खात्री करून घेता येईल.

‘चारुलता’चा उत्तरार्ध ज्यांचा हुकला त्यांच्यासाठी तो पुन्हा दाखवावा की नवा चित्रपट लावावा, हे वहिनींच्या उत्तरावर ठरवू.

प्रेषक: वहिनी (भोजन समिती)

साडेतीनची वेळ मला चालेल. वड्यांऐवजी उपमा आणि शिरा करू, म्हणजे तळणाचा प्रश्न राहणार नाही आणि सव्वाचारला टेबल आवरलेले असेल. मधुमेहींसाठी उपमा पुरेसा आहे. मदतीला आणखी दोघी हव्यात; ज्यांनी काल पहिले पत्र लिहिले त्या सदस्या येतील का?

‘चारुलता’च पुन्हा लावा, आणि तो अगदी पहिल्या दृश्यापासून दाखवा. दाराजवळच्या रांगेत मला एक जागा ठेवा.