घड्याळ फोनला जोडलंच जात नाही? आपापले अनुभव इथे लिहा (ठाणे–नवी मुंबई)

दिवाळीत भेट मिळालेली स्मार्टवॉचेस पाडव्याला मनगटावर चढतात आणि भाऊबीजेपर्यंत रुसून बसतात. मग सोसायटीच्या ग्रुपवर तोच प्रश्न: "घड्याळ कनेक्ट होत नाहीये, कुणाला काही माहीत आहे का?" उत्तरंही ठरलेली. बंद करून चालू करा, अ‍ॅप काढून परत टाका. कधीकधी त्यानं होतंही, पण का झालं ते कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून हा धागा. आपल्या किंवा घरच्यांच्या घड्याळाचं नेमकं काय बिनसलं होतं आणि ते कशानं सुटलं, तेवढं लिहा. घड्याळ कुठल्या प्रकारचं (साधं कॉलिंगवालं, वेअर ओएसचं म्हणजे गुगलच्या घड्याळ-प्रणालीवर चालणारं, की अ‍ॅपलचं) आणि फोन कुठला, एवढं सांगितलंत तरी पुरे. कंपन्यांच्या नावानं बोटं मोडायला इतर जागा आहेत. "आपोआप झालं" असं असेल तर तेही लिहा, पण त्याआधी काय काय दाबलं होतं ते जरा आठवून.

घोडबंदर रोड, ठाणे

वहिनींचं कॉलिंगवालं घड्याळ, फोन अँड्रॉइड. त्यांनी फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन घड्याळाचं नाव दिसलं तिथे बोट लावलं. लगेच "कनेक्टेड" आलं. पण अ‍ॅप उघडलं की म्हणे डिव्हाइस सापडत नाही. पावलं शून्य, मेसेज शून्य. आणि मानपाड्याला टीएमटीत बसून त्यांनी मोबाइलवर हरिपाठ लावला, तर तो थेट मनगटातून सुरू! अख्ख्या बसला पुण्य.

कारण असं की या घड्याळांचे फोनशी दोन वेगळे धागे असतात. एक कॉल आणि आवाजाचा, हेडफोनसारखा. दुसरा कमी विजेवर चालणारा, पावलं, झोप, मेसेज यांच्यासाठी. सेटिंगमधून जोडला जातो तो पहिला. दुसरा अ‍ॅपमधूनच जोडावा लागतो, आणि काही घड्याळं पहिला आधी बांधला की दुसऱ्याला दादच देत नाहीत. आम्ही सेटिंगमध्ये जाऊन "फर्गेट" केलं, घड्याळावरचा क्यूआर कोड स्कॅन करून त्याचंच अ‍ॅप घेतलं (प्ले स्टोअरवर मिळत्याजुळत्या नावांची भाराभर अ‍ॅप्स आहेत, नाव शोधत बसू नका) आणि अ‍ॅपमधूनच घड्याळ जोडलं. कॉलसाठी जोडू का, असं नंतर अ‍ॅपनंच विचारलं.

नेरुळ

आमच्याकडे भुताटकीच होती. सासूबाईंना नवा फोन घेतला, घड्याळ जुनंच. नव्या फोनला ते कधी दिसायचं, कधी नाही. मग लक्षात आलं की मुलगा क्लासला गेला की घड्याळ सापडतं, परत आला की गायब!

जुना फोन त्याला खेळायला दिला होता. त्यात सिम नव्हतं, पण ब्लूटूथ चालू आणि घड्याळाचं अ‍ॅप तसंच पडलेलं. तो फोन घरात आला की घड्याळ मुकाट त्याला जाऊन चिकटायचं. अशी बरीचशी घड्याळं एका वेळी एकाच फोनशी बोलतात, आणि एकदा कुणाशी जोडली गेली की "मी इथे आहे" हा पुकारा थांबवतात. नव्या फोनला दिसणार कुठून? जुन्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये जाऊन "अनबाइंड" केलं, मग नव्यात घेतलं. नुसतं अ‍ॅप डिलीट करून भागलं नसतं, कारण आमचं घड्याळ त्या अ‍ॅपमधल्या खात्यालाही बांधलेलं होतं. दोन्ही फोनवर खातं एकच असेल तर काम सोपं. जुन्या फोनवर दुसऱ्याच ईमेलनं खातं काढलेलं असेल तर आधी तो पासवर्ड शोधा.

धागाकर्ती

नेरुळकर ताई, हे फार कामाचं आहे. आमच्या मजल्यावरच्या आजींच्या घड्याळाचा रोग बहुतेक हाच. त्यांचा जुना फोन देवघराच्या खणात असतो, तोही चार्ज करून ठेवलेला!

ऐरोली

आयटीवाला आहे, त्यामुळे ऑफिसात सगळ्यांची घड्याळं माझ्याच टेबलावर येतात. सगळ्यात जास्त घोळ परवानग्यांचा. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीचा फोन असेल तर ब्लूटूथवर आसपासची उपकरणं शोधायलासुद्धा लोकेशनची परवानगी लागते, आणि नुसती परवानगी देऊन उपयोग नाही, लोकेशन चालूही हवं. लोकांना वाटतं अ‍ॅप पाळत ठेवतंय, म्हणून ते "डिनाय" करतात. वाटणं चूक नाही, पण मग घड्याळ सापडत नाही. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी "निअरबाय डिव्हाइसेस" नावाची वेगळी परवानगी आली. अँड्रॉइड १३ पासून अ‍ॅपला स्वतःच्या सूचना दाखवायलाही विचारावं लागतं. आणि फोनवर आलेले मेसेज घड्याळावर हवे असतील तर "नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस" ही आणखी निराळी गोष्ट. ती सेटिंगमध्ये खोल कुठेतरी असते, सर्चमध्ये टाइप करून शोधा.

फोनमध्ये कंपनीचं वर्क प्रोफाइल (ऑफिसच्या अ‍ॅप्सचा वेगळा कप्पा) असेल आणि घरचे मेसेज येतात पण ऑफिसचे मेल घड्याळावर येत नाहीत, असं होत असेल तर घड्याळाला दोष देऊ नका. त्या प्रोफाइलच्या सूचना बाहेरच्या अ‍ॅपला दाखवायच्या की नाही हे कंपनी ठरवू शकते. आमच्याकडे बंद आहे. सुटीच्या दिवशी बरंच वाटतं म्हणा.

आणखी एक. ऑफिसात किंवा ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून घड्याळ जोडायला जाऊ नका. त्याच मॉडेलची इतकी नावं यादीत येतात की कुठलं आपलं ते कळत नाही. जोडायचंच असेल तर घड्याळाच्या "अबाउट"मध्ये ब्लूटूथचा पत्ता असतो, त्याची शेवटची चार अक्षरं यादीशी ताडून बघा.

कळवा

कॉलेजात आहे. सेकंडहँड अ‍ॅपल वॉच घेतलं. जोडताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागायला लागलं. त्याला अ‍ॅक्टिव्हेशन लॉक म्हणतात, आणि दुकानात कुणी "काढून देतो" म्हणालं तर पैसे देऊ नका. मालकाला फोन केला, त्यानं घरबसल्या आयक्लाउडवरून घड्याळ आपल्या खात्यातून काढलं, मग झालं. पैसे द्यायच्या आधी त्याच्यासमोर आपल्या फोनला जोडून बघा. आणि आयफोन नसेल तर अ‍ॅपल वॉच घेऊच नका, अँड्रॉइडला ते जोडताच येत नाही. उलटंही आहे: सॅमसंगची गॅलेक्सी वॉच ४ पासूनची घड्याळं आयफोनला चालत नाहीत. मित्राला ते बिल फाडल्यावर कळलं.

खारघर

घड्याळावरचंच एअरप्लेन मोड चालू होतं. झोपेत दाबलं गेलं असणार. बाकी काही नाही.

नौपाडा, ठाणे

गोखले रोडच्या मागे माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. "कनेक्ट होत नाही" म्हणून येणाऱ्यांमधली कितीतरी घड्याळं मुळात नीट चार्जच होत नसतात. मागच्या बाजूच्या पिनांवर घाम, साबण आणि पावसाळ्याचा ओलावा मिळून काळा थर बसतो. गिऱ्हाईक रात्रभर चार्जरवर ठेवतं, चुंबकानं ते चिकटलेलंही असतं, पण वीज आत जातच नाही. बॅटरी तळाला गेली की बरीच घड्याळं पॉवर सेव्हिंगमध्ये जाऊन ब्लूटूथ बंद करतात, नुसती वेळ दाखवत राहतात. पूर्ण संपली तर तारीखही भलतीच. तारीख चुकलेली दिसली की मी आधी पिना बघतो.

घरी करायचं तर घड्याळ बंद करून मऊ, कोरड्या टूथब्रशनं पिना घासा. नाहीच निघालं तर कापसाच्या काडीला थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा गेला की पिना अजून लवकर गंजतात. आणि आयपी ६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलंय म्हणून साबण लावून अंघोळ नको, ती चाचणी साध्या पाण्यातली असते.

दुसरं, जोडणी तोडायची तर दोन्हीकडून तोडा. पहिल्यांदा जोडताना फोन आणि घड्याळ एकमेकांची गुप्त किल्ली साठवून ठेवतात. फोनमधून पुसली आणि घड्याळात जुनीच राहिली तर पुढच्या वेळी किल्ली जुळत नाही, "पेअरिंग फेल्ड" येत राहतं. म्हणून फोनमध्ये फर्गेट, घड्याळात रीसेट, दोघांनाही बंद-चालू, मग नव्यानं. रीसेटच्या आधी अ‍ॅपमधलं पावलं-झोपेचं सगळं खात्यावर चढलंय ना ते बघा. फोनचं "नेटवर्क सेटिंग रीसेट" मात्र अगदी शेवटी. त्यानं घरच्या वायफायचे पासवर्ड जातात, गाडीचं आणि इअरफोनचं ब्लूटूथही परत जोडावं लागतं. हे न सांगता करून देणारे खूप आहेत.

सीवूड्स

माझं जोडलं जायचं, पण पाम बीच रोडला धावताना सारखं तुटायचं. घरात मात्र बेडरूममधून स्वयंपाकघरापर्यंत झकास. बरेच दिवस वाटत होतं घड्याळच खराब.

ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर, आणि आपल्या अंगातलं पाणी त्या लहरी शोषतं. घड्याळ डाव्या हातात, फोन कमरेच्या पाऊचमध्ये उजवीकडे मागे, म्हणजे मध्ये अख्खा मी. घरात लहरी भिंतींवर आपटून वळसा घालून पोचतात, मोकळ्या रस्त्यावर आपटायला काही नसतं. पाऊच डावीकडे पुढे घेतला, थांबलं. ज्यांच्या घड्याळात स्वतःचं जीपीएस आहे त्यांनी फोन घरीच ठेवावा, आल्यावर सगळं उतरतं.

कोपरी, ठाणे पूर्व

निवृत्त आहे. वेअर ओएसचं घड्याळ मुलीनं दिलं. फोन बदलल्यावर ते नव्याला जोडेना. मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगत होती आणि मी इकडे तेच बटण दाबत होतो. शेवटी समजलं की जुन्या वेअर ओएसमध्ये फोन बदलला की घड्याळ पूर्ण पुसून नव्यानं सुरू करावं लागतं. २०२३ च्या वेअर ओएस ४ पासून न पुसता नेता येतं, पण माझं त्याआधीचं. पुसलं. तासाभराचं काम होतं, दुपारच्या झोपेचं खोबरं झालं एवढंच.

वागळे इस्टेट

माझं अजून सुटलेलं नाही. घड्याळ जोडलं जातं, चालतं. पण फोन बंद करून चालू केला की तुटतं, आणि अ‍ॅप हातानं उघडेपर्यंत जोडलं जात नाही. वरचं सगळं करून झालं. परवानग्या दिल्यात, दोन्हीकडून पुसूनही बघितलं.

नौपाडा, ठाणे

फोन चिनी कंपनीचा का? मग सेटिंगमध्ये "ऑटोस्टार्ट" शोधा आणि घड्याळाच्या अ‍ॅपसाठी चालू करा. बंद असेल तर फोन सुरू झाल्यावर अ‍ॅप जागंच होत नाही. त्याच अ‍ॅपच्या बॅटरीच्या पर्यायात "नो रिस्ट्रिक्शन्स" ठेवा, नाहीतर रात्री फोन त्याला परत झोपवेल. सगळी अ‍ॅप्स एकदम सरकवून बंद करायची सवय असेल तर त्याच यादीत या एकाला कुलूप लावून ठेवा, म्हणजे ते बंद होणार नाही.

वागळे इस्टेट

झालं काका, ऑटोस्टार्ट बंदच होतं! आता एवढं सांगा, आईचे मराठी मेसेज घड्याळावर नुसते चौकोन-चौकोन दिसतात. तेही सेटिंगच का?

नौपाडा, ठाणे

नाही, ते घड्याळाच्या आतलं. त्यात देवनागरीचा फॉन्टच नसेल तर चौकोनच दिसणार, फोनमध्ये काहीही करा. काहींत अक्षरं दिसतात पण जोडाक्षरं फुटतात. अ‍ॅपमध्ये फर्मवेअरचं, म्हणजे घड्याळाच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलंय का बघा. आलं असेल तर घड्याळ भरपूर चार्ज करून, फोन शेजारी ठेवून करा, मध्येच उठून जाऊ नका. नसेल आलं तर आईंना फोनच करायला सांगा, कॉलिंगवालं आहे ना तुमचं?