अ‍ॅब्लेशन टिकत नाही: चूक कॅथलॅबची की नंतरच्या देखरेखीची?

कॅथलॅब_नागपूर
एएफचं (एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा म्हणजे कर्णिकांचा ताल बिघडणं) अ‍ॅब्लेशन (कॅथलॅबमध्ये कॅथेटर ही बारीक नळी हृदयात नेऊन आतून डाग देणं) झालेला पेशंट वर्षभरात पुन्हा धडधड घेऊन आला की आपण त्याच्या बीपीकडे, वजनाकडे बोट दाखवतो. माझ्या मते दोष बहुतेकदा आपल्या डागांचा. 1998 मध्ये बोर्दोच्या हेसागेर यांच्या गटाने दाखवलं की एएफची सुरुवात बहुधा फुप्फुसाकडून डाव्या कर्णिकेत येणाऱ्या शिरांतून होते. तिथली वीज कर्णिकेत शिरू नये म्हणून त्या शिरांभोवती डागांचं कडं पूर्ण हवं. डाग भिंतीच्या आरपार न जाता नुसती सूज आली, तर वीज त्या दिवशी अडते, सूज उतरली की परत वाहते. म्हणून कॅथेटरच्या टोकाचा दाब 10 ते 20 ग्रॅम, दोन डागांत 6 मिमीहून जास्त अंतर नको, अ‍ॅब्लेशन इंडेक्स (दाब, वेळ आणि ऊर्जा मिळून काढलेला आकडा) मागच्या भिंतीला 400 आणि पुढच्या जाड भिंतीला 550 च्या आसपास. डाव्या शिरा आणि उपांग (कर्णिकेची छोटी पिशवी) यांच्यामधल्या कंगोऱ्यावर कॅथेटर घसरतो, फट तिथे राहते. शेवटी 20 मिनिटं थांबून कडं पुन्हा तपासा. घाई नडते ती इथेच.

मेळघाट_पीएचसी
अर्धंच सांगून राहिले भाऊ. 2014 च्या अ‍ॅडलेडच्या अ‍ॅरेस्ट-एएफ अभ्यासात अ‍ॅब्लेशनसोबत बीपी, साखर, वजन, घोरणं कसून सांभाळलेल्यांचा ताल जास्त टिकला. कडं पक्कं असलं तरी ताणलेली कर्णिका दुसरीकडून पेटते.

कॅथलॅब_नागपूर
तिथले पेशंट बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 27 च्या वरचे. धारणी-चिखलदऱ्याच्या हडकुळ्या माणसाचं वजन काय उतरवणार?

मेळघाट_पीएचसी
वजन सोडा, दारू घ्या. 2020 च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत आठवड्याला 10 किंवा जास्त पेग घेणाऱ्यांपैकी ज्यांना बंद करायला सांगितलं, त्यांच्यात एएफ 53 टक्क्यांना परतला. पीत राहिलेल्यांत 73. मोहाची दारूही दारूच, आणि हिस्टरीत ती कोणी विचारत नाही.

इको_वर्धा
दोघंही इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) पुढे पळताय. संधिवाती तापाने मायट्रल झडप आकसलेली असेल तर आधी झडपेचं बघा, फुगलेल्या कर्णिकेत कडं टिकण्याची आशा कमीच. रक्त पातळ ठेवायला अशांना वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम, आयएनआर (रक्त किती पातळ झालं त्याचं माप) 2 ते 3. नव्या गोळ्या नकोत.

तरुण_इपी
पल्स्ड फील्ड (उष्णतेऐवजी विजेच्या क्षणिक झटक्यांनी डाग देणारं तंत्र) आलं की हा वाद संपेल.

कॅथलॅब_नागपूर
नाही संपत. 2023 च्या अ‍ॅडव्हेंट चाचणीत वर्षभराचं यश जवळपास सारखंच: पल्स्ड फील्डचं 73, जुन्या पद्धतीचं 71 टक्के. कर्णिकेच्या मागे चिकटून असलेली अन्ननलिका भाजण्यापासून वाचते हा फायदा मोठा, पण टोक भिंतीला नीट टेकलं नाही तर तिथेही फट राहते.

मेळघाट_पीएचसी
अन्ननलिकेचं निघालंच तर डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहा: उष्णतेच्या अ‍ॅब्लेशननंतर दोनेक महिन्यांपर्यंत, विशेषतः दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, ताप आणि गिळताना दुखणं म्हणजे अन्ननलिका आणि कर्णिका यांच्यात भोक पडल्याची शंका; एंडोस्कोपी (नळीतून आत बघणं) करायची नाही (फुंकलेली हवा त्या भोकातून मेंदूत जाते), छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी करून लगेच परत पाठवा. आमच्याकडे ताप म्हटला की मलेरियाची तपासणी होते आणि दोन दिवस जातात. आणि पहिल्या आठ आठवड्यांतल्या धडधडीला अपयश म्हणू नका. ईसीजी काढून ठेवू, रक्त पातळ करणारी गोळी मात्र ताल सुधारला म्हणून बंद करू नका. ती पेशंटच्या स्ट्रोकच्या धोक्यावर ठरते.

कॅथलॅब_नागपूर
मान्य. पण मूळ वादाचा निकाल दुसऱ्या अ‍ॅब्लेशनलाच लागतो. एखादी शीर पुन्हा जोडलेली सापडली तर चूक आमची, फट बुजवायची. चारही बंद सापडल्या तर तुमचं खरं. तेव्हा उगाच डागांच्या नव्या रेषा मारत बसू नये, 2015 च्या स्टार-एएफ 2 चाचणीत पहिल्याच वेळी जादा रेषा मारूनही फायदा दिसला नव्हता.