आत्याच्या पाठीला जखम, आश्रमवाले म्हणतात वयामुळे! लवकर सांगा

डोंबिवलीची भाची: आत्या चिपळूणजवळच्या एका वृद्धाश्रमात आहे. शनिवारी तिचा गाऊन बदलताना माकडहाडावर जखम दिसली. रुपयापेक्षा मोठी, कडा काळपट, वास येतोय. ऑफिसात म्हणाले, वयामुळे कातडी जाते, डॉक्टर बघून गेलेत. कागद मागितला तर दाखवत नाहीत. दुसरीकडे हलवू का? तक्रार कुठे करायची? मी बुधवारी परत निघणार.

खाडीकाठ: आत्या हिंडत्या-फिरत्या आहेत का? वय? साखर?

डोंबिवलीची भाची: मे महिन्यात पडली, खुबा मोडला. तेव्हापासून अंथरुणातच. ८१. शुगरच्या गोळ्या चालू आहेत.

निवृत्त सिस्टर: अगं, हे आधी सांगायचं! ही वयाची नाही, दाबाची जखम आहे. एकाच जागी पडून राहिलं की हाडावरच्या कातडीचं रक्त थांबतं. लाल डाग बोटाने दाबूनही फिका होत नाही, तिथे सुरुवात. काळी कडा आणि वास म्हणजे आजच सर्जनला दाखव, कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात ने. तक्रार उद्या केलीस तरी चालेल. स्पिरिट लावू नकोस, चोळू नकोस. आणि दर दोन तासांनी कूस बदलल्याची वही माग.

बागायतदार: आमच्या आजीला कोरफडीच्या गराने आठ दिवसांत गुण आला. हळद पण भरा.

निवृत्त सिस्टर: दादा, वरची लाली वेगळी. या जखमेत हळद भरली तर आत पू किती हे डॉक्टरांनाही दिसणार नाही. कृपा करून असं सुचवू नका.

गुहागरकर: एअर बेड घ्या, बाकी काही लागत नाही. मात्र पावसात लाईट गेली की मोटर बंद, गादी चपटी. आमचे बाबा एकदा रात्रभर तसेच फळीवर होते. इन्व्हर्टर बघूनच घ्या.

निवृत्त सिस्टर: एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते.

चाकरमानी: आपल्या माणसाला आश्रमात ठेवायचंच कशाला? गावचं घर बंद असेल ना?

डोंबिवलीची भाची: गावच्या घरात तिला उचलायला कोण आहे? मी नोकरी सोडली तर आश्रमाचे पैसे कोण भरणार? मी जखमेबद्दल विचारलंय.

कोर्टकचेरी: घर कोणाच्या नावावर केलं? बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट असेल आणि ती पाळली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घेता येतं.

खाडीकाठ: त्यांनी घराचं विचारलंच नाहीये. ताई, १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८. लेखी अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे द्या, पोच घ्या. प्रांतांकडचं न्यायाधिकरण मुलांकडून पोटगी मिळवण्यासाठी, तिकडे धावू नका. जखमेशेजारी नाणं ठेवून तारखेसह फोटो काढा.

दापोलीची सून: सासूबाईंसाठी जागा बघतेय. तिथे महिन्याला किती घेतात?

निवृत्त सिस्टर: पैशांआधी विचार, रात्रपाळीला माणसं किती.

डोंबिवलीची भाची: काल कामथ्याला नेलं. मेलेली कातडी काढली, रोज ड्रेसिंग करायचंय. शुगर ३१० निघाली. गोळ्या चालू आहेत असंच मला सांगत होते. कूस बदलल्याची वही आश्रमात नाहीच. रात्री २६ जणांना एकच मावशी, तिनेच हळू आवाजात सांगितलं. तिला एकटीला आत्या उलटत नाही, म्हणून संध्याकाळचा डायपर सकाळी निघतो. तिच्यावर राग काढवत नाही. अर्ज लिहितेय, पण तिचं नाव घालणार नाही. सुट्टी वाढवून घेतली. सिस्टर, आम्ही दोघीच असलो तर चादरीने कूस कशी बदलायची, तेवढं नीट लिहाल का?